मामांच्या पोटातली भरती

माझ्या सासऱ्यांइतका खरं बोलणारा आणि तरीही कुणालाच खरा न वाटणारा माणूस उभ्या कुलाबा जिल्ह्यात दुसरा झाला नसेल. खोटं बोलणारी माणसं मी पुष्कळ पाहिली. शाळामास्तरच्या नशिबी ती रोजचीच असतात. त्यांच्यावर लोकांचा विश्वास चटकन बसतो, कारण खोटं बोलणारा समोरच्याला पटेल असंच बोलतो. सासऱ्यांना ही कला अजिबात अवगत नव्हती. जे असेल ते, जसं असेल तसं, आणि जिथून सुरू झालं तिथपासून सांगायचं, अशी त्यांची रीत. त्यामुळे झालं काय, की मी तीन वर्षं त्यांना घेऊन एकामागून एक डॉक्टरांच्या दारात बसलो, आणि तीन वर्षांत एकाही डॉक्टराने त्यांचं दुसरं वाक्य ऐकून घेतलं नाही. कारण त्यांचं पहिलं वाक्य ठरलेलं होतं: "डाक्टर, भरती आली का माझ्या पोटात दुखतं."

आता तुम्हीच सांगा, यावर कुणा शहाण्या माणसाने काय बोलावं?

सासऱ्यांना मी मामा म्हणत असे. रेवदंड्याच्या खाडीवर ते पस्तीस वर्षं तरीचे तांडेल होते. खाडीवर तेव्हा पूल नव्हता. अलीकडची माणसं, शेळ्या, तांदळाची पोती, माहेरवाशिणी, सगळं त्या तरीतून, म्हणजे मामांच्या होडीतून, पलीकडे जायचं. होडी कधी सुटणार हे घड्याळावर नसायचं, भरतीवर असायचं. ओहोटीला धक्क्यापाशी गुडघाभर चिखलच उरायचा. त्यामुळे मामांचं सगळं आयुष्यच भरतीच्या वेळापत्रकावर बेतलेलं. घरात घड्याळ होतं, पण ते मामांनी कधी बघितल्याचं मला आठवत नाही. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते, हा त्या किनाऱ्यावरचा जुना हिशेब. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा. मामांना तो तोंडपाठ होता, आणि इतरांना तो येत नाही याची त्यांना मनापासून कीव यायची. "तुमच्या घड्याळाला रोज चावी द्याया लागते, मास्तर," ते मला म्हणायचे. "चंद्राला कोन चावी देतो?"

केस कापायचे ते ओहोटीला, म्हणजे लवकर वाढत नाहीत. लोणचं घालायचं ते भरतीला, म्हणजे खार वर चढतो. कोंबडी खुडूक बसवायची ती पाणी चढतं असताना. मला पत्र लिहायचे ते असं: "चि. सौ. मुलीस घेऊन पंचमीच्या भरतीला यावे." मी अलिबागेतल्या हायस्कुलात भूगोल शिकवायचो, रविवारची सुट्टी, रविवारची एस.टी. पंचमीची भरती बुधवारी दुपारी येत असेल तर मी काय हेडमास्तरांना समुद्राचं कारण सांगू? मग मी रविवारी हजर झालो, की मामा ओटीवरून उठत, पाण्याचा तांब्या देत आणि खाडीकडे बघून हळहळत, "आलात ते बरंच केलंत, पन ह्या टायमाला कोन येतं व्हय?"

आमच्या लग्नातही त्यांनी हाच घोळ घातला होता. स्वातंत्र्यानंतरच्या पहिल्या उन्हाळ्यातली गोष्ट. माझं गाव खाडीपलीकडचं, त्यामुळे वऱ्हाड होडीनेच यायचं होतं. भटजींनी मुहूर्त काढला सकाळी दहाचा, तिथी पंचमी. मामांनी मनातल्या मनात पाऊणपट केली आणि सांगितलं, "जमायचं न्हाय. धाला सुकती असंल. नवरदेव चिखलात रुतंल." भटजी म्हणाले, ग्रह दहालाच अनुकूल आहेत. मामा म्हणाले, "ग्रहांना म्हनावं जरा थांबा. ग्रहांचं ऐकनारं कोनीतरी असंल, ओहोटीचं ऐकनारं कोन न्हाय." शेवटी चारचा मुहूर्त निघाला. आमचे काका, आत्या, झाडून सगळे चिडले. पण त्याच दिवशी दुसऱ्या एका घरचं वऱ्हाड सकाळी आलं, आणि त्यांच्या नवरदेवाला मुंडावळ्यांसकट दोघा गड्यांनी खांद्यावर घेऊन चिखलातून काठावर आणून टाकलं. एक वहाण चिखलातच राहिली. मामांनी हे दृश्य शांतपणे पाहिलं आणि एक शब्द बोलले नाहीत. त्यांचा हाच तर गुण होता. बरोबर ठरल्यावर ते गप्प बसत. त्यांचं सगळं बोलणं खरं-खोटं ठरण्याच्या आधीचं.

तर असा हा माणूस नोकरीतून मोकळा झाला, आणि वर्षभरात त्याच्या पोटात दुखायला लागलं. साधंसुधं दुखणं नव्हे. पिळवटून निघायचे. घाम फुटायचा, उलट्या व्हायच्या, दोन-तीन तास गडाबडा लोळायचे आणि मग हळूहळू ओसरायचं. सासूबाई सांगायच्या, शेजारी सांगायचे. मी स्वतः कधी पाहिलं नव्हतं, कारण माझं जाणं रविवारच्या हिशेबाने आणि त्यांचं दुखणं पुनवेच्या. हो, पुनवेच्या आणि अवसेच्या. पुनव-अवसेला उधाण असतं, पाणी दुपारी बारा-एकच्या सुमाराला काठोकाठ भरतं, आणि मामांचं पोट बरोबर त्याच वेळेला दुखायला लागतं. अष्टमीला भांग असतो, पाण्याला जोर नसतो, तेव्हा मामा खुशाल. हे त्यांनी स्वतः ताडलं होतं, आणि एकदा ताडल्यावर त्यात त्यांना तिळभर शंका नव्हती. दुखणं नको होतं त्यांना, पण दुखण्याचं कारण मात्र त्यांना चांगलंच पसंत होतं.

मी भूगोलाचा मास्तर. मी त्यांना समजावलं, मामा, चंद्राच्या ओढीने समुद्राचं पाणी वर येतं, त्याचा माणसाच्या पोटाशी काही संबंध नाही. मामांनी ऐकून घेतलं. मग म्हणाले, "मास्तर, चंद्र किती लांब हाय?" मी आकडा सांगितला. "येवढ्या लांबून तो अख्खा दर्या उचलतो?" मी म्हटलं, उचलतो. "मग माझं पोट काय दर्यापेक्षा जड हाय?" जावयाला सासऱ्यावर ओरडता येत नाही, म्हणून मी फक्त चहा मागितला.

पहिल्यांदा गावातल्याच जुन्या डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी पहिलं वाक्य ऐकलं, हसले, आणि गुलाबी औषधाची बाटली दिली. कागदाची कातरलेली पट्टी चिकटवलेली, दिवसाला तीन खुणा. मामांनी बाटली उजेडात धरून पाहिली आणि अत्यंत गंभीरपणे विचारलं, "हे भरतीला घेऊ का ओहोटीला?" डॉक्टरांना वाटलं म्हातारा थट्टा करतो आहे. त्यांचा चेहरा असा काही लाल झाला की मीच त्यांची माफी मागितली. मामांना काही कळलंच नाही. बाहेर येऊन म्हणाले, "साधा प्रश्न इचारला, तर डाक्टर रागावतात कशापायी?"

मग अलिबागेचे डॉक्टर झाले. त्यांच्याकडे जाताना मामांनी पुरावा म्हणून पंचांग बरोबर घेतलं. ज्या ज्या दिवशी दुखलं त्या त्या तिथीवर शिसपेन्सिलीचा ठिपका. खरं सांगतो, ते ठिपके बघून मीही जरा चरकलो होतो. सगळे पुनव-अवसेच्या आसपास, मुंग्यांसारखे गोळा झालेले. पण डॉक्टरांनी पंचांगाचं नुसतं मुखपृष्ठ पाहिलं आणि हात जोडले. "आजोबा, मी पत्रिका बघत नाही. त्यासाठी देवळाजवळ बसतात ते." मामा म्हणाले, "पत्रिका न्हाय हो, भरती बघा." डॉक्टरांनी घंटा वाजवून पुढच्या पेशंटला आत घेतलं. एस.टी.ने परत येताना मामा पंचांग मांडीवर धरून बसले होते. मी म्हटलं, तुम्हाला कोणी सांगितलं होतं ते आणायला? तर म्हणाले, "बिनपुराव्याचं कसं बोलायचं, मास्तर?"

यानंतर कुणी म्हणालं वायू, कुणी म्हणालं पित्त, कुणी म्हणालं रिकामपण. नोकरी सुटली की पुरुषाला असं होतं म्हणे. एकाने जंतांचं औषध दिलं. प्रत्येकजण विचारायचा, काय खाता? मामा सांगायचे, भात आणि मासळी. त्या किनाऱ्यावर भात आणि मासळी कोण खात नाही? डॉक्टर पुढे जायचे. आणि मी दर खेपेला शाळेतून रजा काढून, शेजारच्या खुर्चीत बसून, कुठे तोंड लपवावं या विवंचनेत. हेडमास्तर विचारू लागले, "काय हो, तुमच्या सासऱ्यांची अजून भरतीच चाललीय का?" शिक्षकांच्या खोलीत हशा पिकायचा. मीही हसायचो, हे कबूल केलं पाहिजे.

शेवटी ओळखीतून मुंबईच्या एका मोठ्या पोटाच्या तज्ज्ञांची वेळ मिळाली. हे गृहस्थ इतके मोठे, की त्यांची वेळ मिळाली हेच आमच्या गावात पेढे वाटण्याजोगं झालं. रेवसहून लाँचमध्ये बसलो, आणि बसल्याबसल्या मी मामांना शपथ घातली.

"मामा, आज भरतीचं नाव काढायचं नाही."

"मग काय सांगू?"

"पोटात दुखतं, एवढंच."

"कवा दुखतं इचारलं तर?"

"अधूनमधून म्हणा."

"अधूनमधून न्हाय हो दुखत, मास्तर. त्याला टाइम हाय."

"मामा, हात जोडतो. तुम्ही भरती म्हणालात की तो माणूस तुम्हाला वेडा समजणार, आणि मलाही."

मामांनी पाण्याकडे पाहिलं. मग म्हणाले, "बरं. तुम्ही शिकलेले." आणि डॉक्टरांसमोर त्यांनी शब्द पाळला. कधी दुखतं? अधूनमधून. कशानं दुखतं? ठावं न्हाय. हे "ठावं न्हाय" म्हणताना त्यांचा चेहरा एवढासा झाला होता. जन्मात पहिल्यांदा खोटं बोलत होते बिचारे, आणि तेही माझ्या भिडेखातर. डॉक्टरांनी पोट दाबून पाहिलं, पांढरं पाणी पाजून फोटो काढला, फोटोत काही निघालं नाही. निघणार कुठून? जी एकच गोष्ट सांगण्यासारखी होती, ती मी लाँचमध्येच काढून घेतली होती. शेवटी त्यांनी मामांना पंधरा दिवस इस्पितळात ठेवून घेतलं, नजरेखाली.

त्या पंधरा दिवसांत पुनव आली. मामांच्याने आता राहवेना. त्यांनी आदल्या दिवशी नर्सबाईंच्या कानात सगळं सांगून टाकलं. झालं! दुसऱ्या दिवशी दुपारी डॉक्टर आपले सात-आठ विद्यार्थी घेऊन खाटेभोवती उभे. बारा वाजले, एक वाजला, दोन वाजले. मामा पोटावर हात ठेवून वाट बघताहेत, आणि पोट आपलं गप्प! डॉक्टर म्हणाले, "काय आजोबा, आज पौर्णिमा ना? कुठे आहे तुमची भरती?" मामा खिडकीकडे बघून म्हणाले, "डाक्टरसाहेब, हा तिसरा माळा हाय. पानी हितवर कसं चढंल?" विद्यार्थी भिंतीला टेकून हसले. डॉक्टरांनी मला बाजूला घेतलं आणि हळू आवाजात सांगितलं, "ह्यांना पोटाच्या डॉक्टरची गरज नाही. डोक्याच्या दाखवा." त्यांनी कागदावरही तसंच काहीतरी इंग्रजीत लिहिलं. मामांनी मला त्याचा अर्थ विचारला, आणि मी सांगितलं, विश्रांती घ्या असं लिहिलंय.

परतीच्या लाँचमध्ये निम्मी वाट सरल्यावर मामा माझ्याकडे वळले. मग म्हणाले, "मास्तर, मला बरं न्हाय केलं तरी चालंल. आता किती दिस ऱ्हायलेत माझे. पन ह्या मानसाला दुखतंय, येवढं तरी एकानं म्हनावं. समदे म्हनतात, काय न्हाय, काय न्हाय. मग मी लोळतो तो काय हौसेनं?" मला वाईट वाटलं. पण त्याहून जास्त, खोटं कशाला बोलू, राग आला होता. चार दिवस बिनपगारी रजा, तो हशा, आणि वर हे. मी नुसतं "हं" म्हटलं आणि तोंड फिरवून बसलो.

मग आली माघातली पुनव. त्या वर्षी ती नेमकी रविवारी पडली, आणि मी तिथे होतो. जेवून ओटीवर टेकलो होतो. मामांनी एकदम पोट धरलं. पाच मिनिटांत माणूस ओळखू येईना. ओठ सुजले, डोळे सुजले, अंगाला घामाच्या धारा, आणि या खेपेला श्वासही कोंडायला लागला. घशातून शिट्टीसारखा आवाज. सासूबाई देवापुढे जाऊन बसल्या. मी मामांचा हात धरून नुसता "मामा, मामा" करत होतो. त्यांना मरण समोर दिसत असणार, पण तशातही त्यांनी खाडीकडे बोट केलं. पाणी काठोकाठ भरलेलं होतं. तासा-दीड तासाने श्वास मोकळा झाला, पण त्या दिवशी मला पहिल्यांदा कळलं की हे दुखणं खरं आहे, आणि असं आणखी एकदा झालं तर मामा हाती लागणार नाहीत.

दुसऱ्या दिवशी शाळेला चिठ्ठी पाठवली आणि बैलगाडीत घालून त्यांना सरकारी दवाखान्यात नेलं. तिथे नवीन डॉक्टरीणबाई आल्या होत्या. वय असेल पंचवीस-सव्वीस. माहेर दूर वऱ्हाडात, आणि समुद्र त्यांनी बदली होऊन आल्यावर पहिल्यांदा पाहिला होता. मी मनात म्हटलं, संपलं! मुंबईच्या दिग्गजांनी हात टेकले, तिथे ही पोर काय करणार? मामांनी वाक्य टाकलं. "बाई, भरती आली का माझ्या पोटात दुखतं."

डॉक्टरीणबाईंनी लेखणी खाली ठेवली आणि विचारलं, "भरती म्हणजे नेमकं काय होतं जी? मला अजून नीट समजलं नाही. सांगा ना."

मामा माझ्याकडे बघायला लागले. मी मामांकडे. या किनाऱ्यावरचे आणि मुंबईचे सगळे डॉक्टर समुद्र बघून मोठे झालेले. भरती म्हणजे काय हे त्यांना विचारायची गरज नव्हती. या बाईंना ती होती. मामा खुर्चीत सरसावून बसले आणि पहिल्यापासून सुरू झाले. चंद्र, तिथी, पाऊणपट, उधाण, भांग. बाहेर पेशंट खोळंबले, कंपाउंडर दोनदा डोकावून गेला. बाई मध्येमध्ये शाळेतल्या हुशार मुलीसारखे प्रश्न विचारत होत्या.

"उधाणाला पाणी जास्त वर येतं, मग ओहोटीलाही जास्तच आत जात असेल?"

"आक्षी बरोबर! लई लांब जातं. एरवी न दिसनारे खडक उघडे पडतात."

"मग त्या खडकांवर काय असतं?"

"कालवं असतात. शिंपल्यातली. खडकाला चिकटलेली."

"ती कोण काढतं?"

"बाया. पुनव-अवसेला सकाळच्या सुकतीला समद्या बाया कोयते घिऊन जातात. आमची बी जाते."

"आणि मग?"

"मग काय? दुपारी जेवनात. ताजी ताजी."

डॉक्टरीणबाईंनी लेखणी उचलली. "तुम्ही खाता?"

"खातो म्हंजे? ताट भरून खातो!"

"मग डॉक्टरांना हे आधी का नाही सांगितलं?"

"त्यांनी जेवन इचारलं, बाई. ती काय भात-मासळीत धरायची? ती दर्यानं दिलेली, महिन्यातून चार दिस."

बाईंनी आणखी एकच प्रश्न विचारला. "पावसाळ्यात दुखतं?" मामा म्हणाले, न्हाय, पावसाळ्यात खाडीत गोडं पाणी मिसळतं, भरतीचा जोर मोडतो. बाईंनी विचारलं, पावसाळ्यात बाया खडकांवर जातात का? मामा म्हणाले, "छे, दर्या खवळलेला असतो." आणि बोलता बोलता मामांचा हात पोटावर गेला. इस्पितळातल्या पंधरा दिवसांत त्यांच्या ताटात काय होतं, ते मला आठवत होतं. वरण-भात आणि दुधीची भाजी.

सासूबाईंना हे पटेना. "जन्मभर खाल्ली, ती आत्ताच कशी बाधतील?" डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "आई, शरीर केव्हा रुसंल सांगता येत नाही जी. पण आता एक घास जरी पोटात गेला, तरी जीव जाईल. भरती येऊ द्या, कालवं येऊ देऊ नका." पुढच्या अवसेला मामा सकाळपासून ओटीवर बसून राहिले. बारा वाजले, पाणी चढलं, काठोकाठ भरलं, उतरायला लागलं. पोट दुखलं नाही. तो दिवस त्यांनी मोठ्या विरसात काढला. शेजारी अभिनंदन करायला आले, तर म्हणाले, "बरं हाय," आणि आत जाऊन आडवे झाले.

मला वाटलं होतं, आता मामा सगळ्यांना हिणवणार. भरती आली की दुखतं हे शेवटी अक्षरशः खरंच होतं. एकही ठिपका चुकला नव्हता. पण त्यांनी कुणाला काही म्हटलं नाही. मीच न राहवून एके संध्याकाळी धक्क्यावर बसलेलो असताना विषय काढला. तेव्हा ते म्हणाले, "एक इचारू, मास्तर? तुम्हाला तरी माझं खरं वाटत हुतं काय?"

जावयाने इथे "हो" म्हणायचं असतं. माझ्या ओठावर आलंही होतं. पण या माणसापुढे ते निघेना. मी म्हटलं, "नाही मामा. मला ते थोतांडच वाटायचं. आणि मी लोकांबरोबर हसलोही. मुंबईला तुमचं तोंड मीच बंद केलं."

"ठावं हाय मला," मामा म्हणाले. "लाँचमधी तुम्ही तोंड फिरवून बसला, तवाच कळलं." मग म्हणाले, "पन एक खेप चुकवली न्हाय तुम्ही. पटत नसताना यायचं म्हंजे सोपं न्हाय. मी असतो, तर आलो नसतो." माझ्या डोळ्यांत पाणी आलं. ते त्यांना दिसू नये म्हणून मी उगाच चपलेचा अंगठा नीट करत बसलो.

मामा त्यानंतर सहा वर्षं जगले. शेवटचं दुखणं छातीचं होतं. डॉक्टरीणबाईंची बदली केव्हाच त्यांच्या मुलखात झाली होती, आणि त्यांच्या जागी आलेले तरुण डॉक्टर फटफटी अंगणात चालूच ठेवून आत आले. "काय होतंय, आजोबा?" मामांना बोलण्याइतका दम नव्हता. त्यांनी माझ्याकडे बोट केलं. "ह्यांना इचारा. ह्यांना समदं ठावं हाय."

मी सांगायला लागलो. अगदी पहिल्यापासून; कधी धाप लागली, चार पायऱ्यांना की दहा, कुठल्या कुशीवर झोप लागते, पायावर सूज केव्हा आली. डॉक्टरांनी दोनदा मनगटाकडे पाहिलं, मग पिशवी उघडत म्हणाले, "बरं बरं, एक इंजेक्शन देऊन टाकतो." मी जन्मात कुठल्या साहेबापुढे आवाज चढवला नव्हता. पण त्या दिवशी म्हणालो, "डॉक्टर, आधी ती फटफटी बंद करून या, आणि बसा. माझं निम्मंही सांगून झालेलं नाही." ते मुकाट्याने उठले, फटफटी बंद केली आणि येऊन बसले. पाऊण तास बसले. मामा त्या दुखण्यातून उठले नाहीत. ते डॉक्टरांच्या हातात नव्हतं, माझ्याही नव्हतं. पण ऐकून मात्र सगळं घेतलं गेलं. "चतुर्थीपासून ह्यांना दोन उशा लागायला लागल्या," असं मी सांगत होतो, तेव्हा डोळे मिटून पडलेल्या मामांचा हात किंचित हलला.

"तृतीया," ते म्हणाले.

"तृतीयेपासून," मी म्हटलं, आणि डॉक्टरांनी तसं लिहून घेतलं.